२१४७४८३६४७ ही मूळ संख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात दर शनिवारी आमचा गणिताचा वर्ग भरतो. तिथे फळ्याच्या वर ही दहा अंकी संख्या रंगवलेली आहे. ती पाहून गेलेली मुलं, त्यांचे पालक आणि कराड-सांगलीकडचे कॉलेजचे विद्यार्थी व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवत राहतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सहावीतल्या मुलालाही झेपतील, सातव्यापासून पुढे कागद-पेन्सिल घेऊन बसावं. लिहिण्याची एक सोय: २^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात.

१. ही संख्या वाचायची कशी?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. स्वल्पविराम दिले की २,१४,७४,८३,६४७. पाठ करायची गरज नाही. २ ची दुप्पट करत एकतिसाव्या घातापर्यंत जा आणि १ वजा करा, ती आपोआप समोर येते.

२. मूळ संख्या म्हणजे नेमकं काय? मग १ मूळ का नाही?

जिला बरोबर दोनच विभाजक असतात, १ आणि ती स्वतः, ती मूळ संख्या. बारा कंदी पेढे खोक्यात तीनच्या चार ओळींत बसतात. तेरा पेढ्यांची एकच लांब ओळ होते, दुसरा आयत जमतच नाही. १ ला एकच विभाजक आहे, म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही. १ ला मूळ मानलं तर कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा नियम मोडतो, कारण १ ने हवं तितक्या वेळा गुणता येतं.

३. शिष्यवृत्तीच्या पुस्तकातल्या कसोट्या लावल्या तर ती मूळ आहे हे कळेल का?

कसोट्यांनी काही विभाजक बाद होतात, एवढंच. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ४६, म्हणून ३ गेला. ७, ११ आणि १३ साठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि आळीपाळीने मिळवा-वजा करा: ६४७ − ४८३ + १४७ − २ = ३०९. या ३०९ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने भागल्यास १, १३ ने भागल्यास १०. म्हणजे तिघेही गेले. मात्र सहा विभाजक बाद झाले म्हणून संख्या मूळ ठरत नाही. परीक्षेत दोन-तीन कसोट्या लावून ‘मूळ’ लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. ९१ (= ७ × १३) दिसला की फसतात.

४. मग २ पासून थेट २१४ कोटींपर्यंत भागत बसायचं?

नाही. अवयव जोडीने येतात आणि जोडीतला लहान अवयव वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. ४६३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६०० आणि ४६३४१ चा वर्ग २,१४,७४,८८,२८१. आपली संख्या या दोघांच्या मध्ये आहे. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. तरीही त्या सुमारे ४,८०० निघतात. एका भागाकाराला एक मिनिट धरलं तर ऐंशी तास झाले, तेही एकदाही न चुकता. हा आकडा आणखी कसा घटवता येतो ते प्रश्न ७ मध्ये आहे, आणि माझ्या मते या संख्येची खरी गंमत तिथेच आहे.

५. असंख्य मूळ संख्या आहेत. फळ्यावर हीच का?

ही २^३१ − १ आहे म्हणून. २ च्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये, घातांक २५७ पर्यंत कुठे कुठे मूळ संख्या मिळते याची यादी दिली होती: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यातले ६७ आणि २५७ चुकीचे होते; ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. ३१ बरोबर होता. मूळ मर्सेन संख्यांमध्ये आपली संख्या आठवी.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर ती म्हणजे ओळीने एकतीस वेळा १, मध्ये एकही शून्य नाही. प्रश्न १३ मधला कॉम्प्युटरचा सगळा मामला यातूनच येतो.

६. घातांक मूळ असला की २^घातांक − १ ही मूळच असते ना?

हा सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याचा पुरावा साताऱ्यात रस्तोरस्ती फिरतो. आपल्या गाड्यांच्या पाटीवर एमएच ११ असतं. ११ मूळ आहे. पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

उलट बाजू मात्र पक्की आहे: घातांक संयुक्त असेल तर संख्या संयुक्तच. सांगलीचा एमएच १० घ्या. १० = २ × ५, म्हणून २^१० − १ = १०२३ ला २^२ − १ म्हणजे ३ ने आणि २^५ − १ म्हणजे ३१ ने निःशेष भाग जातो. थोडक्यात, मूळ घातांक ही आत शिरायची परवानगी आहे, पुढे प्रत्येक संख्या वेगळी तपासावी लागते. ३१ च्या आधीचा मूळ घातांक २९; तो नापास होतो: २^२९ − १ = २३३ × ११०३ × २०८९.

७. कॅल्क्युलेटर नसताना ही मूळ आहे हे कोणी आणि कसं सिद्ध केलं?

लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञांनी. १७७२ मध्ये त्यांनी पत्रातून हा निकाल कळवला. त्या वर्षी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती रामराजे होते आणि थेऊरला थोरले माधवराव पेशवे वारले. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होते, पासष्टीचे, आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. ४,८०० भागाकार करण्याऐवजी त्यांनी आधी एक प्रश्न सोडवला: या संख्येला विभाजक असलाच तर तो कुठल्या साच्याचा असेल?

समजा एखादी मूळ संख्या क्ष हिने २^३१ − १ ला निःशेष भाग जातो. मग २^३१ ला क्ष ने भागल्यास बाकी १. म्हणजे २ चे घात एकामागून एक घेत क्ष ने भागत गेलात तर बाक्यांचे चक्र ३१ पायऱ्यांनी पुन्हा १ वर येतं. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे याहून लहान चक्र शक्य नाही. आता फर्मा यांचं प्रमेय सांगतं की या चक्राच्या लांबीने क्ष − १ ला भाग जायलाच हवा. म्हणून क्ष − १ हा ३१ च्या पटीत. शिवाय क्ष विषम, म्हणून क्ष − १ सम. दोन्ही मिळून क्ष − १ ला ६२ ने भाग जातो.

दुसरी चाळणी. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे! म्हणजे क्ष ने भागताना २ ही एका वर्गाची बाकी ठरते. असं फक्त तेव्हाच होतं, जेव्हा क्ष ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते.

दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की क्ष दोनच प्रकारचा उरतो: २४८ च्या पटीत १ मिळवून येणारा, किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणारा. स्वतः करून बघा. १३०३ पर्यंत अशा संख्या येतात ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. यातल्या मूळ फक्त दोन: ३११ आणि १३०३. आपल्या संख्येला ३११ ने भागल्यास बाकी ३५, १३०३ ने भागल्यास बाकी २२६. दोन भागाकारांत १३०३ पर्यंतचं मैदान साफ! असंच ४६३४० पर्यंत जायचं. ४,८०० च्या जागी सुमारे ऐंशी भागाकार उरतात. ऑयलर यांनी हे केलं, एकदाही बाकी शून्य आली नाही आणि संख्या मूळ ठरली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जगाला माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या होती.

एमएच ११ वर हाच साचा ताडून पाहा: २३ = २२ + १ आणि ८९ = ४ × २२ + १. बसतं.

८. भागाकार न करता थेट कळेल अशी एखादी कसोटी आहे का?

मर्सेन संख्यांसाठी आहे आणि ती फार देखणी आहे. ल्युका यांनी १८७० च्या दशकात तिचा पाया घातला, लेमर यांनी १९३० च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. ही कृती घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. घातांक २ सोडून सगळ्या मूळ घातांकांना हे लागू आहे.

२^५ − १ = ३१ साठी: ४, मग १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. मूळ.

२०४७ साठी नऊ वेळा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. अवयव कुठले ते मात्र ही कसोटी सांगत नाही.

आपल्या संख्येसाठी एकोणतीस पायऱ्या होतात. एका रविवारी वहीवर होण्यासारखं काम आहे, फक्त मधले वर्ग अठरा-एकोणीस अंकी होतात.

९. फर्मा यांच्या प्रमेयाने तपासलं तर? २ चा (संख्या − १) वा घात घेऊन बाकी १ आली की मूळ, असं क्लासमध्ये सांगतात.

मर्सेन संख्यांवर पाया २ घेऊन ही कसोटी लावणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. २०४७ संयुक्त आहे, तरी २^२०४६ ची बाकी १ च येते, कारण २^११ ची बाकी १ आणि २०४६ = ११ × १८६. मूळ घातांकाची कुठलीही मर्सेन संख्या, संयुक्त असली तरी, ही परीक्षा पास होते. पाया ३ घेतला तर २०४७ लगेच पकडली जाते. सर्वसाधारणपणेही ‘बाकी १ आली’ हा पुरावा नाही: पाया २ ला फसवणारी सर्वात लहान संख्या ३४१ = ११ × ३१.

१०. परिपूर्ण संख्येशी हिचा काय संबंध?

स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येते ती परिपूर्ण संख्या. उदा. ६ = १ + २ + ३, आणि २८ = १ + २ + ४ + ७ + १४. युक्लिड यांनी दाखवलं की २^घातांक − १ मूळ असेल तर तिला २ च्या एकने कमी घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या मिळते. सर्व सम परिपूर्ण संख्या अशाच असतात, हे ऑयलर यांनी सिद्ध केलं. आपल्या संख्येला २^३० ने गुणा: २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. ही आठवी परिपूर्ण संख्या. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून टाकलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधी सापडणारच नाही, कारण अशा निरुपयोगी गोष्टीमागे कोण लागणार! लोक लागले.

११. हिचे शेजारी कोण? ही जोडमूळ आहे का?

जोडमूळ नाही. दोनने मागची २१४७४८३६४५ ही ५ ने भागली जाते. दोनने पुढची २१४७४८३६४९ म्हणजे २^३१ + १. ती ३ × ७१५८२७८८३. (हा दुसरा अवयव स्वतः मूळ आहे.) मागची मूळ संख्या २१४७४८३६२९, पुढची २१४७४८३६५९. म्हणजे अंतरं १८ आणि १२. या परिसरात दोन मूळ संख्यांमधलं सरासरी अंतर साडेएकवीसच्या आसपास असतं, तेव्हा हे शेजार जरा दाटीचंच. २ पासून मोजत आलात तर हिचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा.

१२. ही दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येईल का? १३ = ४ + ९ सारखी.

नाही. ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणारी कुठलीही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज नसते. इथे तर ८ ने भागल्यावर बाकी ७ उरते, त्यामुळे तीन वर्गांनीही काम होत नाही. चार लागतातच.

१३. आमच्या मुलीच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात हीच संख्या आहे. तिथे कशी काय?

बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा. ३२ बिटांच्या खान्यात एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हाकडे जातो, उरलेल्या ३१ जागांवर सगळीकडे १ भरला की हीच संख्या होते. म्हणून त्या खान्यात मावणारी ती सर्वात मोठी पूर्णांक संख्या. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने एका कोरियन गाण्याच्या निमित्ताने जाहीर केलं होतं की प्रेक्षकसंख्या या मर्यादेला भिडल्यामुळे मोजणी ६४ बिटांवर नेली आहे. अनेक जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच खान्यात मोजतात. तो खाना १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरेल.

ती मर्यादा मूळ असणं हा मात्र योगायोग. ८ बिटांची मर्यादा १२७ मूळ, १६ बिटांची ३२७६७ संयुक्त, ६४ बिटांची २^६३ − १ संयुक्त. कारण प्रश्न ६ मध्येच आहे: १५ आणि ६३ हे घातांक संयुक्त आहेत.

१४. मॅडम, मी सी भाषेत मूळ संख्या तपासायचा प्रोग्राम लिहिला. बाकी सगळं बरोबर येतं, पण ही संख्या दिली की तो बराच वेळ थांबून ‘संयुक्त’ म्हणतो. संख्या चुकली की प्रोग्राम?

प्रोग्राम. कराडच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थिनीचा हा प्रश्न. नंतर तो इतरांकडूनही आला. तुमच्या लूपची अट अशी असणार: ‘भाजकाचा वर्ग संख्येहून मोठा होईपर्यंत चालू ठेव’. ४६३४१ चा वर्ग ३२ बिटांच्या खान्यात मावत नाही, तो उलटून ऋण होतो, आणि ऋण संख्या अर्थातच लहान! खरं तर त्या खान्यात आपल्या संख्येहून मोठं काही असूच शकत नाही, म्हणून अट कधीच मोडत नाही. भाजक वाढत वाढत थेट २१४७४८३६४७ वर पोचतो, संख्येला संख्येनेच भाग जातो आणि प्रोग्राम ‘विभाजक सापडला’ म्हणून ओरडतो. वर्ग करूच नका. अट ‘भाजक ≤ संख्या ÷ भाजक’ अशी लिहा. (भाषेच्या नियमांनुसार असा उलटलेला गुणाकार बेभरवशाचाच, दुसऱ्या कंपायलरवर वेगळंच काही घडेल.)

१५. रँडम आकड्यांसाठी ही वापरतात म्हणे?

खूप वापरली गेली. मागच्या आकड्याला १६८०७ ने गुणा, आपल्या संख्येने भागा, बाकी म्हणजे पुढचा आकडा. १ पासून सुरू केलं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३... ही पद्धत १९६९ ची, आणि १९८८ मध्ये पार्क व मिलर यांनी ती किमान दर्जा म्हणून सुचवली. १६८०७ म्हणजे ७^५. तो असा निवडलेला आहे की १ ते २१४७४८३६४६ यातला प्रत्येक आकडा एकेकदा येऊन गेल्याशिवाय चक्र पुन्हा सुरू होत नाही. गुणक तसा आहे का हे तपासायला एकने लहान संख्येचे अवयव हाताशी लागतात: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. सोडत काढायला किंवा पासवर्ड बनवायला मात्र ही पद्धत नको, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

१६. बँकेच्या व्यवहारांची सुरक्षा मोठ्या मूळ संख्यांवर असते. ही चालेल?

फारच लहान आहे. आरएसए या माहिती गुप्त ठेवण्याच्या पद्धतीत आज साधारण तीनशे अंकी मूळ संख्यांची जोडी घेतात, आणि ती गुप्त असावी लागते. दहा अंकी संख्या मोबाइलही क्षणात तपासतो.

१७. ‘ही जगातली सर्वात मोठी मूळ संख्या’ असा मेसेज फिरतोय. खरं का?

दीडशे वर्षं शिळा मेसेज आहे. सर्वात मोठी मूळ संख्या असतच नाही, हे युक्लिड यांच्या काळापासून माहीत आहे. सापडलेल्यांपैकी सर्वात मोठी विचाराल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी जिम्प्स या सामूहिक शोधमोहिमेत शोधलेली २^१३६२७९८४१ − १, अंक ४,१०,२४,३२०. तीही मर्सेन संख्याच, कारण प्रश्न ८ मधली कसोटी फक्त त्यांनाच लागू पडते.

१८. उलटी लिहिली तर मूळ राहते का?

७४६३८४७४१२. शेवटी २. सम.

१९. ३१ = २^५ − १, आणि २^३१ − १ पण मूळ. मग हीच संख्या घातांकात ठेवली तर पुढची मूळ मिळेल?

प्रश्न सुरेख आहे आणि मोह पडण्यासारखा आहे: ५ वरून ३१, ३१ वरून आपली संख्या. पण साखळी इथे तुटते. २^२१४७४८३६४७ − १ ही सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंकी संख्या. ती पूर्ण लिहून काढणं कोणाच्या वहीत बसणार नाही, तरी तिचा एक अवयव माहीत आहे आणि तो जेमतेम पंधरा अंकी आहे: २९५२५७५२६६२६०३१. तो प्रश्न ७ मधल्या साच्यात बसतो का ते बघा. त्यातून १ वजा करून २१४७४८३६४७ ने भागा: भागाकार १,३७,४९०, बाकी शून्य. ८ ने भागा: बाकी ७.